स्पेसर नंतर, बोल्ट आधी

गाडीची चाकं मडगार्डच्या कडेला सफाईदार टेकलेली दिसावीत ही हौस मला कळते. कारखान्यातून येणारी चाकं बऱ्याचदा आत घुसलेली वाटतात, मोठ्या भावाचा शर्ट धाकट्यानं घातल्यासारखी. मग लोक व्हील स्पेसर बसवतात. हब आणि चाक यांच्यामधे अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती घातली, की चाक तेवढं बाहेर येतं. १५ मिमीचा स्पेसर लावला तर ४० ऑफसेटचं चाक २५ ऑफसेटचं असल्यासारखं बसतं, आणि दोन्ही बाजू धरून गाडीचा पवित्रा ३० मिमीनं रुंदावतो. हौसेला मोल नाही, ठीक आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या खरेदीत मंडळी स्पेसरवर दोन-दोन महिने काथ्याकूट करतात. कास्ट की फोर्ज्ड, दहाचा की पंधराचा, काळा की चंदेरी. आणि बोल्ट? बोल्ट दुकानदार हातावर ठेवेल ते. माझ्या मते हा सगळा क्रमच उलटा आहे. स्पेसर हा बहुतेक वेळा मुकाट आपलं काम करणारा धातूचा तुकडा असतो. चाक गाडीला धरून ठेवतो तो बोल्ट. म्हणून योग्य बोल्ट हातात येत नाहीत तोवर स्पेसर विकतच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडं बोल्ट करतो काय याबद्दल. खुंटीला सदरा टांगावा तशी गाडी बोल्टवर टांगलेली असते असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानं चाकाला हबवर दाबून धरतो. गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका पेलतं ते या दाबातून येणारं घर्षण. १४ मिमीचा बोल्ट १२० न्यूटन मीटरनं आवळला, तर पुस्तकातल्या ढोबळ सूत्रानं साधारण ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या वर दाब येतो. एका बोल्टचा! असे पाच. हा दाब कमी पडला की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, बोल्ट वाकवले-सोडले जातात, आणि लोखंडाची तार वाकवून वाकवून तोडतो तसे ते एक दिवस तुटतात. तोवर बाहेरून काहीही दिसत नाही.

आता निवडीचा प्रश्न. भारतात मारुती, ह्युंदाई, टोयोटा, होंडा अशा बहुतेक गाड्यांना हबमधून बाहेर आलेले स्टड आणि त्यावर नट असतात. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजला बोल्ट असतात. उदाहरणाला पोलो घेतो, कारण ती आपल्या चाकणला बनायची आणि २०२२ मधे बंद झाली तरी पुण्यातल्या रस्त्यांवर अजून भरपूर आहे. या बोल्टबद्दल तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, आटे कोणते? पोलोला एम १४ × १.५, म्हणजे १४ मिमी जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी. बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजला एम १२ × १.५, आणि एफ पिढीपासून एम १४ × १.२५. म्हणजे "चौदाचा बोल्ट द्या" एवढं सांगणं पुरेसं नाही. चुकीच्या अंतराचा बोल्ट एक-दोन फेरे आत जातो आणि अडतो. हातानं लावत असाल तर लगेच कळतं. पण गॅरेजमधे हवेची गन असते, आणि गनला अडणं माहीत नसतं. ती हबचे आटे खाऊन बोल्ट आत ढकलते. म्हणून पहिले फेरे हातानं, हा नियम कुणी कितीही घाईत असला तरी मोडू द्यायचा नाही.

दुसरा, बैठक कोणती? बोल्टच्या डोक्याखालचा भाग चाकाच्या भोकात जिथे टेकतो ती बैठक. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना ती गोलाकार असते, १३ मिमी त्रिज्येची. बीएमडब्ल्यूची शंकूच्या आकाराची, ६० अंशाची. बाजारातली बहुतेक अलॉय चाकंही शंकूचीच. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत घातला तर तो आवळला जातो, टॉर्क पाना वेळेवर 'कट्' करतो, सगळं झकास दिसतं. प्रत्यक्षात पूर्ण पृष्ठभागाऐवजी एक बारीक रेघ टेकलेली असते. काही किलोमीटरनं ती रेघ दबते आणि बोल्ट सैल होतो. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको: कंपाइल झालं, टेस्ट पास झाली, आणि रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधे बोंब.

तिसरा आणि सगळ्यात दुर्लक्षित, लांबी किती? गणित पहिलीतल्या मुलाला येईल असं आहे: मूळ बोल्टची लांबी अधिक स्पेसरची जाडी. मोजताना डोकं आणि बैठक सोडायची, त्याखालचा दांडाच तेवढा मोजायचा. २७ मिमीचा बोल्ट आणि १५ मिमीचा स्पेसर म्हणजे ४२. चाकं बाजारातली असतील तर त्यांची बोल्टपाशी असणारी जाडी वेगळी असू शकते, म्हणून शेवटचा निकाल फेरे मोजून लावायचा. बोल्ट हातानं फिरवत टेकेपर्यंत मोजा. एम १२ × १.५ ला कमीत कमी साडेसहा फेरे आणि एम १४ × १.५ ला साडेसात, ही जर्मन स्पेसर-उत्पादकांकडची रूढ मर्यादा आहे. त्याहून कमी असेल तर सगळा ताण मोजक्याच आट्यांवर येतो.

"मग लांबच घेऊ, जास्त असलेलं बरं" असं म्हणणारे भेटतात. मिठाचं प्रमाण कुणी या न्यायानं ठरवत नाही. जास्त लांब बोल्ट हबच्या मागच्या बाजूनं बाहेर येतो, आणि तिथे मोकळी जागा नसते. पुढे तो सस्पेन्शनच्या भागांना किंवा एबीएसच्या सेन्सरला लागू शकतो. मागे ड्रम ब्रेक असेल, आणि भारतातल्या जवळजवळ सगळ्या पोलोंना मागे ड्रमच आहेत, तर ब्रेकच्या लायनरला. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट आत कशाला तरी टेकून थांबला, तरी टॉर्क पाना 'कट्' करतो. तुम्हाला वाटतं चाक आवळलं. आवळला गेलेला असतो फक्त बोल्ट.

ही पुस्तकी भीती नाही. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्राबरोबर कोल्हापूरला निघालो होतो. त्याची पोलो जुनी घेतलेली, स्पेसर आधीच्या मालकानं लावलेले. खंबाटकी घाटाच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर. पंक्चरवाल्यानं चाक काढलं, "हे जाड वायसर कशाला हो?" म्हणत स्पेसर काढून बाजूला ठेवला, आणि तेच लांब बोल्ट वापरून स्टेपनी चढवली. जॅक खाली घ्यायच्या आधी मित्रानं सवयीनं चाक हातानं फिरवलं, आणि आतून खर्र आवाज आला. बोल्टची टोकं लायनरला घासत होती. मूळ बोल्ट डिकीत नव्हतेच, आधीच्या मालकानं ते दिलेच नव्हते. शेवटी स्पेसर परत लावला, त्यावर स्टेपनी, आणि हळूहळू साताऱ्यापर्यंत गेलो. मागच्या सीटवर त्याची आई बसली होती. ते चाक कुणी हातानं फिरवलं नसतं तर आम्ही तसेच घाट चढलो असतो.

यातून माझं दुसरं मत: स्पेसर लावलेल्या गाडीत मूळ बोल्टचा संच डिकीत असलाच पाहिजे, आणि गाडी विकताना तो नव्या मालकाच्या हातात दिला पाहिजे. स्टेपनीची बैठक गोल आणि अलॉयची शंकूची असेल तर हे दुप्पट लागू. बदल आपण करतो, पण पंक्चर कुणाच्या हातात गाडी असताना होईल हे आपण ठरवत नाही.

"स्पेसर मुळातच धोकादायक" असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पोर्शेनं ९११ साठी ५ मिमीचे स्पेसर कारखान्यातूनच पर्याय म्हणून दिले होते, अर्थात त्यांच्या मापाच्या लांब बोल्टसकट. जर्मनीत स्पेसरच्या तपासणीपत्रातच कुठल्या गाडीला किती लांबीचे बोल्ट ते लिहिलेलं असतं. मुद्दा हाच आहे: तिथे स्पेसर आणि बोल्ट ही एकच वस्तू मानली जाते. आपल्याकडे स्पेसर खोक्यात मिळतो आणि बोल्ट बरणीतून.

कायद्याचंही पाहून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मधे हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदार तेव्हा शेजारी उभा नसणार.

"साहेब, वीस वर्षं बसवतोय, काही होत नाही" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. वाद घालू नका. फक्त विचारा: आट्यांचं माप काय, बैठक कुठली, माझ्या मूळ बोल्टची लांबी किती, आणि डोक्यावर १०.९ आहे का? (१०.९ म्हणजे साधारण १००० मेगापास्कल ताण सोसणारं आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचं न ताणलं जाणारं पोलाद.) उत्तर देण्याआधी त्यानं तुमचा एक बोल्ट काढून कॅलिपर लावला, तर दुकान चांगलं आहे. "सगळ्यांना हेच बसतात" म्हणाला, तर चहा पिऊन घरी या.

आणि बसवलेच, तर हबचा गंज ब्रशनं साफ करा, आट्यांना ऑइल लावू नका, टॉर्क पान्यानंच आवळा, चाक हातानं पूर्ण फिरवून आवाज ऐका, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या. एवढा कंटाळा येणार असेल, तर योग्य ऑफसेटची चाकं घ्या किंवा आहेत ती तशीच ठेवा. आत घुसलेल्या चाकांनी आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.