बोनसने गुण वाढतात, संघ नाही

बास्केटबॉलमधले नामवंत खेळाडू फ्री थ्रोवरच गुण वाढवतात, अशी टीका होते. आपल्या शिरोळच्या मैदानावर हाच प्रश्न कबड्डीतल्या बोनसचा आहे. समोर किमान 6 गडी असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवला, की 1 गुण मिळतो. हे कौशल्यच आहे, त्यात गैर काही नाही. पण बोनसने समोरचा गडी बाद होत नाही आणि आपला बाहेर बसलेला गडी आतही येत नाही. आपले चार गडी बाहेर असताना नुसता बोनस घेऊन परतलं, तर बाजू रिकामीच राहते. मग लोण चढतो आणि समोरच्यांना 2 जादा गुण मिळतात. म्हणून माझं मत सरळ आहे : चढाईपटूचे गुण मोजताना त्याने गडी किती टिपले, तेही विचारा.