उत्प्रेरक आणि समीक्षक

म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, आणि १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थाही तेथेच आहे. एका ठिकाणी पदार्थांच्या अंतरंगाचा शोध चालतो, तर दुसऱ्या ठिकाणी शब्दांच्या. या दोन वास्तूंमधील अंतर पायी जाण्याजोगे असले, तरी त्यांतील अभ्यासविषयांमधील अंतर मात्र आपण अकारण मोठे मानले आहे. रसायनशास्त्रज्ञ काय करतो हे साहित्याच्या अभ्यासकाने जाणून घेण्याचे कारण नाही, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ती आपल्याच व्यवसायाला बाधक ठरली आहे, एवढे दाखविण्याचा या टिपणाचा हेतू आहे.

आज देशातील अनेक विद्यापीठांत धातूंच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन चालते. मराठीत त्यांना अब्जांश कण म्हणतात, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ सहा हजार चौरस मीटर होते. द्रव्य तेवढेच राहते, पण बाहेरच्या जगाला भेटणारा त्याचा भाग अफाट वाढतो, आणि रासायनिक क्रिया तर पृष्ठावरच घडते. सोने हा निष्क्रियतेबद्दल प्रसिद्ध असलेला धातू. पण १९८७ साली जपानमध्ये मासाताके हारुता यांनी दाखवून दिले की, काही धातूंच्या ऑक्साइडांवर बसविलेले सोन्याचे सूक्ष्म कण कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन शून्य अंशाच्याही खालच्या तापमानात घडवून आणतात. आकार बदलला आणि स्वभाव बदलला.

रंगाचेही तसेच आहे. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली या लाल द्रवाचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता. हेच कण परस्परांजवळ आले की रंग निळसर होतो. कणांच्या पृष्ठावर योग्य ते रेणू बसविले, तर पाण्यातील एखाद्या विषारी धातूच्या आयनांमुळे ते एकत्र येतात, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगबदलातून त्या विषाची वर्दी मिळते. संवेदक म्हणतात तो हा. या विद्येत आपल्याकडेही मोलाची भर पडली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीकडून व वनस्पतींच्या अर्काकडून असे कण घडवून घेतले. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, पातळ कण मिळविल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या परसातील या गवताच्या पात्याने जागतिक रसायनशास्त्रात स्थान मिळविले, पण मराठी वाङ्मयीन जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. उलट, सुवर्णभस्माचे नाव पुढे करून हे सारे आपणांस पूर्वीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. औषध सिद्ध करणे वेगळे, आणि कणाचा आकार व त्याचा गुणधर्म यांतील संबंध जाणणे वेगळे. हा विवेक आपण सोडू नये.

आता आपल्या क्षेत्राकडे वळू. 'उत्प्रेरक' ही संकल्पना आपल्या समीक्षेत एलियटमार्फत आली. 'ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलंट' या १९१९ सालच्या निबंधात त्याने कवीच्या मनाला प्लॅटिनमच्या तंतूची उपमा दिली. प्राणवायू आणि सल्फर डायऑक्साइड यांचा संयोग त्या तंतूच्या सान्निध्यात होतो आणि तंतू मात्र अविकृत राहतो, तसे कवीचे मन अलिप्त राहते, असा त्याचा आशय. मर्ढेकरांच्या पिढीपासून एलियट आपल्याकडे मुरला, आणि त्याच्याबरोबर हा निर्विकार प्लॅटिनमही मुरला. पिढ्यान् पिढ्या आपण तो वर्गांत शिकवीत आलो आहोत.

परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही उपमा सदोष आहे. त्या क्रियेतून एलियट म्हणतो तसे सल्फ्युरस आम्ल तयार होत नाही. सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतो आणि त्यापासून सल्फ्युरिक आम्ल मिळते. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल. दुसरी मात्र उपमेच्या गाभ्याशी आहे. प्लॅटिनम अविकृत राहतो हे फक्त अखेरच्या ताळेबंदापुरते खरे. क्रिया चालू असताना वायूंचे रेणू त्याच्या पृष्ठाशी बंध जोडतात, मोडतात, पुन्हा जोडतात. कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनाच्या वेळी प्लॅटिनमच्या पृष्ठावरील अणूंची मांडणीच पालटते आणि पुन्हा पूर्ववत होते, हे गेरहार्ट एर्टल यांनी दाखविले. पृष्ठांवरील रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय उत्प्रेरकाला विषबाधाही होते. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांत अत्यल्प आर्सेनिकनेही प्लॅटिनम निकामी होत असे. म्हणजे उत्प्रेरक तटस्थ नसतो. तो गुंततो, बदलतो, थकतो, आणि तरीही क्रियेच्या अंती बहुधा स्वतःला परत मिळवितो. कविमनाचे वर्णन म्हणून हे चित्र मला एलियटच्या चित्राहून अधिक खरे वाटते. अलिप्तता ही कवीची आरंभीची अवस्था नसून गुंतून बाहेर पडल्यावर हाती येणारी गोष्ट आहे, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. रसायनशास्त्र साहित्याविषयीचे सिद्धांत सिद्ध करीत नाही, हे मान्य आहे. पण ज्या उपमेवर आपण सिद्धांत उभारला, तिचा पाया तपासणे हे आपलेच काम होते आणि ते आपण केले नाही.

शब्दांचा प्रश्न याहून जवळचा आहे. ग्रीक मूळ शब्दात 'सैल करणे' हा अर्थ आहे. मराठी, हिंदी, तेलुगू व मलयाळम् या भाषांनी 'उत्प्रेरक' वा त्याचीच रूपे स्वीकारली, म्हणजे प्रेरणा देणारा. गुजरातीने 'उद्दीपक' घेतला, ज्याच्यामागे विभावाची सारी रसचर्चा उभी आहे. बंगालीत 'अनुघटक' आहे, म्हणजे घडण्यास साथ देणारा. तमिळमध्ये 'विनैयूक्कि', म्हणजे क्रियेला चालना देणारा, आणि त्यातील 'विनै' हाच तमिळ व्याकरणात क्रियापदाचाही शब्द आहे. कन्नडमध्ये 'क्रियावर्धक', 'वेगवर्धक' असे शब्द आढळतात. वस्तुतः उत्प्रेरक धक्का देत नाही. शिखर चढून जाण्याऐवजी तो खिंड दाखवितो, आणि जे घडणे मुळातच असंभव आहे ते तो घडवू शकत नाही. या निकषावर कन्नड व बंगाली शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहेत. आमचा 'उत्प्रेरक' काहीसा फसवा आहे. तो बदलावा असे मी सुचवीत नाही, कारण तो शाळेच्या पुस्तकांत रुळला आहे. मात्र एकाच संकल्पनेकडे आपल्या भाषांनी किती दिशांनी पाहिले, याचा तौलनिक अभ्यास भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने नाही करायचा तर कोणी करायचा? 'कोलॉइड'साठी मराठीने योजलेला 'कलिल' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाच्या गढूळपणासाठी आला आहे. तो निवडणाऱ्याला संस्कृत येत होते आणि रसायनही कळत होते. असा दुहेरी अधिकार आज दुर्मीळ झाला आहे.

परिभाषा शासनाने करावी, संशोधन इंग्रजीत व्हावे आणि साहित्यिकांनी साहित्यापुरते पाहावे, या वाटणीत कोणाचेच हित नाही. म्हैसूरच्या भाषा संस्थेत २००८ पासून राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कार्य चालू आहे आणि ते स्तुत्य आहे. परंतु अनुवादित ग्रंथाला वाचक लागतो, आणि वाचक घडवितो तो निबंध. ज्या भाषेत नव्या ज्ञानाविषयी निबंध लिहिला जात नाही, त्या भाषेतील उपमा जुन्या होत जातात. मग तिची कविताही शिळ्या जगाविषयी बोलू लागते.

माझी सूचना साधी आहे. भारतीय भाषांच्या प्रत्येक विभागाने वर्षातून एकदा तरी शेजारच्या प्रयोगशाळेतील संशोधकाला बोलवावे, त्याचे काम त्याच्याकडून आपल्या भाषेत वदवून घ्यावे, आणि तो जेथे अडखळेल तेथे शब्द शोधण्यास त्याला साहाय्य करावे. संवेदकाच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञ दोन गुण वेगळे मानतात. एक संवेदनक्षमता आणि दुसरा निवडक्षमता, म्हणजे अनेक पदार्थांतून नेमका हवा तोच ओळखण्याची शक्ती. आपल्या समीक्षेने पहिल्या गुणाचे कौतुक पुष्कळ केले आहे. दुसऱ्याचे महत्त्व कदाचित अशा एखाद्या भेटीतच आपल्या ध्यानी येईल.