तार जाड की बारीक?

मंडळी, आजचा विषय वाचून आमचे निम्मे नातेवाईक चष्मा पुसून पुन्हा एकदा शीर्षक बघतील. होय, विषय इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा आहे! मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्यातलं काय कळतं, हा प्रश्न रास्तच आहे. पण गेले पाच-सहा महिने आमच्या घरात याच विषयावरून वाद चालू आहे. तारांवरून सुरू झालेला हा वाद मुळात शिकण्या-शिकवण्याचा आहे, आणि त्या बाबतीत मला मत आहे. ते मांडायचा अधिकार मी पस्तीस वर्षं खडू झिजवून मिळवलाय.

मत आधीच सांगून टाकते. नवशिक्याच्या हातात बारीक तार द्यावी. जाड तारेवर बोटं सोलून घेण्यात काही मोठेपणा नाही. कंपनी कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा.

झालं असं की माझी तेरा वर्षांची नात वर्षभर इलेक्ट्रिक गिटार शिकते आहे. क्लासच्या सरांनी (नाव घेत नाही, माणूस वाजवतो उत्तम) तिला 'अकराच्या' तारा लावायला सांगितल्या. कारण काय, तर त्याने बोटं तयार होतात. घरातले दोघे-तिघे लगेच सरांच्या बाजूने झाले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्याकडे अशा वेळी हमखास बाहेर निघते. परिणाम असा झाला की रोज अर्धा तास आपणहून वाजवणारी पोर दहा मिनिटांवर आली. मग आज गृहपाठ आहे, उद्या डोकं दुखतंय, असं सुरू झालं. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर अशी डोकेदुखी मला चटकन ओळखू येते. मुलीचं गिटार सुटायच्या बेतात होतं.

आता हे नऊ, दहा, अकरा म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते नव्याने समजून घ्यावं लागलं. गिटारच्या सहा तारांपैकी सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार इंचाच्या किती हजारांश जाडीची, त्यावरून संचाला नाव पडतं. नऊ म्हणजे ०.००९ इंच, दहा म्हणजे ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटरच्या जरासं वर. ऐकायला फरक नगण्य वाटतो. एक हजारांश इंचाने काय होतंय?

होतं, बरंच होतं. मारँ मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली तारेचे नियम मांडले. तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन या तीन गोष्टींवर ठरतो. लांबी आणि स्वर तोच ठेवून तार जाड केली, तर ताण जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढवावा लागतो. नवाचा वर्ग ८१, दहाचा १००, अकराचा १२१. म्हणजे नऊवरून दहावर गेलं की पहिल्या तारेचा ताण जवळजवळ पावपट वाढतो, आणि अकरावर गेलं की थेट दीडपट होतो! नेहमीच्या साडेपंचवीस इंची गिटारवर नेहमीचे स्वर लावले, तर नऊच्या तारेवर सुमारे ६ किलो ताण असतो आणि अकराच्या तारेवर सुमारे ९ किलो. सहाही तारांची बेरीज धरली तर नऊच्या संचाची ३८ किलोच्या आसपास, दहाच्या संचाची ४६ आणि अकराच्या संचाची ५० किलोच्या वर. तेरा वर्षांच्या मुलीची करंगळी याच्याशी झुंजत होती.

मग आम्ही ठरवलं की वाद पुरे, करूनच बघू. जावयांनी तीन जाडीचे आणि तीन कंपन्यांचे संच आणले. मी शिक्षकी सवयीने वही केली. संच कोणता, लावला कधी, रोज किती मिनिटं वाजवलं, बोटं दुखली का, आवाज कसा वाटला. पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी तोच एक तुकडा फोनवर रेकॉर्ड करायचा.

वहीत सगळ्यांत बोलका रकाना मिनिटांचा निघाला. अकरावर सरासरी बारा मिनिटं. दहावर पंचवीस. नऊवर चाळीसच्या पुढे, आणि तेही कुणी न सांगता. बोटांना घट्टे नऊच्या तारेनेही पडलेच, ते कुणाला चुकत नाहीत. पण आधी बोट दुखायचं म्हणून हात थांबत होता, आता जेवायला हाक मारली म्हणून थांबतो. हात तयार होतो तो वाजवलेल्या तासांनी. ज्या तारेवर तास जास्त होतात, तीच तार हात लवकर तयार करते. माझ्या दृष्टीने वाद इथेच मिटला.

बारीक तार म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी या तारांचा इतिहास जरूर बघावा. १९६० च्या आसपास अमेरिकेत गिटारचे जे संच मिळत, ते चांगलेच जाड होते. तिसरी तारसुद्धा वेटोळ्याची असे. कॅलिफोर्नियात एर्नी बॉल नावाचा दुकानदार होता, तो गिटार शिकवायचाही. त्याच्या लक्षात आलं की शिकायला येणाऱ्या पोरांना ही तिसरी तार ओढताच येत नाही. त्याने मोठ्या कंपन्यांना हलके संच काढायला सुचवलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. शेवटी त्याने स्वतःच कारखान्याकडून हव्या त्या जाडीच्या तारा करून घेतल्या आणि १९६२ च्या सुमारास 'स्लिंकी' नावाने विकायला काढल्या. तोवर हुशार वादक पहिल्या तारेच्या जागी बॅंजोची बारीक तार लावून वेळ भागवत होते. आज जगभर गाजणारी ही कंपनी मुळात विद्यार्थ्यांच्या दुखऱ्या बोटांतून निघाली आहे. मला त्या दुकानदाराचं फार कौतुक वाटतं. पोरांना जमत नाही म्हणून त्याने पोरांना बोल लावला नाही, त्याने तार बदलली.

दुसरं उदाहरण टोनी आयोमीचं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात, यंत्रात सापडून तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या, आणि 'ब्लॅक सबाथ' हा सगळ्यांत जड आवाजाचा समजला जाणारा बँड उभा केला. जड आवाजाला जाड तारच लागते, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. (नातीने मला त्यांचं एक गाणं ऐकवलं. पूर्ण ऐकलं. पुन्हा ऐकेन असं म्हणवत नाही.)

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते मत न राहता हट्ट होईल. टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा लावायचा आणि त्यातून त्याचा तो भरदार आवाज निघायचा, हे खरंच आहे. पण सगळे हे सांगतात आणि पुढचं विसरतात, की तो गिटार अर्ध्या स्वराने उतरवून वाजवत असे. तेवढ्याने ताण दहा-अकरा टक्के कमी होतो. शिवाय तो वर्षानुवर्षं तयार झालेला, मोठ्या पंजाचा माणूस. ज्यांना स्वर बराच उतरवून वाजवायचं आहे किंवा ज्यांचा आघात जोरकस आहे, त्यांनी जाड तार जरूर लावावी. बारीक तार उतरवली की फार ढिली पडते आणि पडद्यांवर खडखडते. उलट टोकाला जाऊन आठची तारही आम्ही पंधरा दिवस लावून पाहिली. बोटं खूश, कान नाराज! नवशिका तार गरजेपेक्षा जोरात दाबतो, आणि इतकी सैल तार जोरात दाबली की स्वर चढतो. सगळे कॉर्ड किंचित बेसूर येत होते. म्हणून आमच्यापुरता निकाल नऊ.

हे सगळं आपल्याला परकं आहे असंही नाही. माझ्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. मिरजेत वाद्यं बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झाली. मुळात हत्यारांना धार लावणारं हे घराणं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तानपुरा घ्यायला गेलात तर आधी विचारतात, गाणार कोण आणि पट्टी कोणती? काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा मोठा, त्याच्या तारा जाड. काळी चारला गाणाऱ्या बाईचा लहान, त्याच्या तारा बारीक. बाईने पुरुषी तारा लावाव्यात म्हणजे तिचा गळा तयार होईल, असं कुठल्याही गुरुजींनी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तानपुऱ्याच्या बाबतीत जे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो, ते गिटारच्या क्लासात का हरवतं, कोण जाणे.

आता राहिला कंपनीचा प्रश्न. आम्ही तीन लावून पाहिल्या. एर्नी बॉल. डॅडारिओ, म्हणजे इटलीतल्या साले या गावी आतड्याच्या तारा वळणारं जुनं घराणं, जे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेलं. आणि एलिक्सर, जी पावसात न भिजणारं कापड बनवणाऱ्या गोअर कंपनीची आहे आणि तारेवर बारीक प्लॅस्टिकचा लेप देते. डॅडारिओच्या तारांच्या टोकाचे मणी रंगीत असतात, त्यामुळे कुठली तार कुठे हे माझ्यासारखीलाही कळतं. एवढा मुद्दा मी त्यांच्या बाजूने वहीत नोंदवला. एकाच जाडीच्या तिन्ही कंपन्यांचे पहिल्या दिवशीचे तुकडे नावं न सांगता घरात ऐकवले, तेव्हा आम्हा चौघांपैकी एकालाही कंपनी ओळखता आली नाही. नातीलाही नाही. मात्र त्याच तारेचा पहिल्या दिवसाचा आणि पंधराव्या दिवसाचा तुकडा लागोपाठ लावला, तर फरक मलासुद्धा कळला. नव्या तारेचा आवाज घासलेल्या पितळेसारखा लखलखीत आणि जुनीचा मातकट. म्हणजे महागड्या नावापेक्षा वेळेवर बदललेली तार बरी. लेपाची तार आम्हाला दुपटीने महाग पडली, पण जूनच्या घामट दिवसांत तीच टिकली. साध्या तारा तिसऱ्या आठवड्यातच गंजाच्या खुणा दाखवू लागल्या. ज्यांच्या हाताला घाम फार, त्यांनी लेपाचा विचार करावा. इतरांनी वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसल्या तरी बराच फरक पडतो.

ज्यांच्या घरी गिटारवाली नातवंडं आहेत, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. जाडी बदलली की ताण बदलतो, आणि ताण बदलला की गिटारच्या मानेचा बाकही बदलतो. आमच्याकडे अकरावरून नऊवर आलो तेव्हा तारा पडद्यांना लागून खरखर वाजू लागल्या. मानेच्या आतली सळई दुरुस्तीवाल्याकडून थोडी सैल करून घेतली आणि काम झालं. तार वाईट आहे असं लगेच ठरवू नका. दुसरं, अकूस्टिक गिटारची ब्राँझची तार इलेक्ट्रिकला लावू नका. तिथला आवाज लोहचुंबकातून येतो, त्याला पोलाद किंवा निकेल लागतं. तिसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. कंपनी आणि जाडी दोन्ही एकदम बदललीत, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

असो. आमच्या सरांना मी वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, आणि 'नऊ ठेवा, पण दहावीनंतर दहा लावू' असं म्हणाले. मला ते मान्य आहे. हात वाढला, मुलीला स्वतःला जड तार हवीशी वाटली, तर दहा काय आणि अकरा काय, खुशाल लावावी. पण ते तिने ठरवावं, आणि गिटार आवडू लागल्यावर ठरवावं. टाकीचे घाव मूर्ती घडवणाऱ्या दगडाला लागतात हे खरं, पण दगडाला उठून निघून जाता येत नाही. मुलांना येतं, आणि ती जातातही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरून अशी कितीतरी मुलं गेलेली मी पाहिली आहेत. कुणाला गणित जड झालं, कुणाला संस्कृत. त्यातली काही नुसती 'तार' बदलली असती तर थांबली असती, असं मला आजही वाटतं.

तुमच्या घरात याविषयी काय अनुभव आहे, जरूर कळवा. विशेषतः ज्यांचं मत 'जाडच बरी' असं आहे, त्यांनी. वही अजून निम्मी कोरी आहे.