सलग की कणाकणांचं?

मुलांनो, अकोले तालुक्यातल्या भंडारदरा धरणाचं पाणी काठावरून कसं सलग दिसतं! पण ते असतं असंख्य रेणूंचं. मग अवकाश तरी सलग असेल का?

शिरपूरला १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं नव्या रूपात मांडली. त्यातून वाढलेला सिद्धान्त सांगतो, अवकाशही कणाकणांचं आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलेले तेजिंदर सिंह आणखी खोल जातात. अणू-इलेक्ट्रॉन ज्या नियमांनी चालतात, ती पुंजयामिकीही मूळची नसेल. त्याहून खोल अशा नियमांतून ती उमटत असेल! रेणूंच्या धावपळीतून पाण्याला ऊब येते ना, तशी. एकट्या रेणूला कुठली ऊब?

प्रयोगाचा पडताळा मात्र दोन्ही कल्पनांना अजून मिळायचाय. विज्ञानात थोरामोठ्यांनाही परीक्षा चुकत नाही बरं!