लस पोहोचायला २१ वर्षे का लागतात?

१/ एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडमध्ये देवीची लस प्रथम टोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तीच लस यशस्वीपणे टोचली गेली. त्या काळी आगगाडी नव्हती, शीतपेटीही नव्हती. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली, तरी अवघी ६ वर्षे लागली.

२/ आता दुसरा हिशेब पाहा. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची न्यूमोकोकल लस अमेरिकेतील बालकांना २००० साली मिळू लागली. आपल्या सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून मोजक्या राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. म्हणजे २१ वर्षे! मधल्या काळात जळगावच्या पिंप्राळ्यातील बाळासाठी ती खासगी दवाखान्यातच होती, तीही एका डोसला हजारो रुपये मोजू शकणाऱ्यांच्या बाळासाठी.

३/ या विलंबाचे खापर लोकांच्या अज्ञानावर आणि खराब रस्त्यांवर फोडले जाते. परंतु त्याच रस्त्यांनी, बर्फाच्या डब्यांतून पोलिओचे डोस घरोघरी गेले आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा ही सबब टिकत नाही.

४/ खरा अडसर मालकीचा आणि किमतीचा आहे. जेन्नर यांनी पेटंट घेतले नव्हते. फायझरच्या न्यूमोकोकल लसीला मात्र २०१७ साली भारतातही पेटंट मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वस्त लस यायला २०२० उजाडले.

५/ ‘नफा नसेल तर संशोधन कोण करील?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर मुंबईतच आहे. हाफकिन यांनी प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. अलीकडचे उदाहरण आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या लसीचे. तेथे परवडणारी किंमत आधी ठरली, लस नंतर घडली. सीरमने ती बनवली आणि २०१० पासून ती अर्ध्या डॉलरहून कमी दरात दिली गेली.

६/ म्हणून मागणी दयेची नाही, कराराची हवी. ज्या संशोधनाला जनतेचा पैसा लागतो, त्याच्या करारात किंमत आणि तंत्रज्ञान-हस्तांतरण पहिल्याच दिवशी लिहिले जावे. हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थांना स्मारकांप्रमाणे जपण्याऐवजी कारखान्यांप्रमाणे चालवावे. शिडाच्या जहाजांच्या युगात ६ वर्षांत झालेले काम विमानांच्या युगात २१ वर्षे रखडते, ते कोणाच्या सोयीसाठी, हे आपण विचारलेच पाहिजे.