पहिल्या रिमांडलाच विचारा!



"मोबाईल तूच उचललास ना?" "हो." "बरोबर आणखी कुणी होतं?" "हो." पंचविशीतल्या ज्या तरुणाची समज सात-आठ वर्षांच्या पोराएवढी आहे, तो खाकी कपड्यांपुढे प्रत्येक प्रश्नाला होच म्हणतो. घरी सोडतील, एवढीच त्याची आशा. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, हे खरे. पण त्या एका 'हो'वर तपास थांबतो आणि खरा चोर शोधायला कुणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात, पहिल्या रिमांडला, विचारणा होते, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तो मान हलवतो. कोठडी मंजूर!

कायदा आहे. ज्याला आपला बचाव करता येत नाही, त्याची आधी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 367 सांगते. त्यात बौद्धिक अक्षमताही येते. घरचे जबाबदारी घेत असतील तर अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन द्यावा, असे कलम 369 म्हणते. पण हे सारे सुरू होते कुणाच्या तरी लक्षात आल्यावर. अटकेनंतरचा डॉक्टर अंगावरच्या जखमा लिहितो. समज कोण तपासतो?

असा माणूस विसरला गेला तर काय होते? आसामचे मचल लालुंग 1951 साली पकडले गेले. मनोरुग्णालय, मग तुरुंग. खटला चाललाच नाही. 2005 साली सुटले तेव्हा सत्तरी उलटली होती.

"उद्या कुणीही वेडाचे सोंग घेईल," असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर: सोंग ओळखायला सरकारी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, वैद्यकीय मंडळ आहे. आणि आजार मान्य झाला म्हणजे माणूस मोकळा सुटतोच असे नाही: महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आरोपीच्या गंभीर मानसिक आजारामुळे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली त्याची फाशी रद्द केली. तो सुटला नाही, जन्मठेपेत राहिला.

आमची मागणी अशी: पहिल्या रिमांडलाच दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला आणि घरच्यांना विचारावे. शाळा कुठली? औषधे चालू आहेत का? दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? उत्तरे रोजनाम्यात लिहावीत. शंका आली तर पुढची कोठडी देण्याआधी जिल्हा रुग्णालयात पाठवावे. पालक किंवा शिक्षक जवळ असल्याशिवाय अशा माणसाची चौकशी नको, सही-अंगठाही नको.

आणि घरच्यांनो, लाजू नका. दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स, विशेष शाळेचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन त्याच दिवशी कोर्ट गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागा. दिव्यांगाला तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.