पोरं यंत्राखाली, कायदा बांधावर

सुगीत पोर खूष कसं ठेवायचं, हा सवाल यंत्रवाल्याचा. त्याचं पोर ट्रॅक्टरवर बसतं, हातात खाऊ, वर कौतुक. पण ट्रॅक्टरला सीट एकच, चालवणाऱ्याची. मडगार्डावरून पोर घसरलं तर चाक विचारत नाही, मालकाचं की मजुराचं.

आपल्या नि कातकऱ्यांच्या बायांचा सवाल वेगळाच. पालीला दसरा-दिवाळीत भात कापणीला येतं. आई वाकून कापते, पोर लुगड्याच्या झोळीत. मळणीयंत्र आलं, झोडणी गेली, झोळी राहिली. आता ती भुसा उडतो तिथंच. रांगतं पोर पट्ट्याकडं जाऊ नये म्हणून राखणीला सहा वर्षांची बहीण. तिची शाळा बुडते, आणि लोक म्हणतात, 'पोरगी गुणाची!'

1928 साली बाबासाहेब मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बाळंतिणींसाठी बोलले. 1929 ला कायदा झाला. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टानं पाळणाघर आणलं. 2005 च्या रोजगार हमीनं सांगितलं, कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली की एक बाई राखणीला ठेवा, तिला मजुरी द्या. आणि खाजगी शेताच्या बांधावर येऊन हे सगळं थांबलं. का? तिथली आई कामगार नाही?

खुळखुळे नकोत. यंत्र सुरू व्हायच्या आधी सावली, पाणी आणि राखणीची बाई मागा. तिची मजुरी मळणीच्या हिशेबात धरायला लावा. मालक नाही म्हणाला तर ग्रामसभेत उभे राहा. एकटी आई मागेल तर उद्या तिला काम नाही. म्हणून आपण मागायचं, सगळ्यांनी मिळून.